परसांतील छपराचें पाणी

ज्येष्ठ सरत आला म्हणजे पूर्वीं घराघरांतून कौलें चाळण्याची धांदल उडत असे. कौलारू घरें आतां थोडीं उरलीं आणि ती धांदलही गेली. सिमेंटच्या गच्चीखालीं राहणाऱ्या कुटुंबास मृगाची वर्दी वर्तमानपत्रांतून मिळते, छत्र्या दुरुस्तीस टाकल्या जातात, आणि पावसाळ्याची तयारी झाली असें समजून सर्व मंडळी स्वस्थ बसतात. परंतु बहुतेक घरांच्या मागें, परसांत, एक दुसरें लहान छप्पर उभें असतें. जुन्या वाड्यांत जी जागा गोठ्याची किंवा लाकूडफाट्याची होती तीच ही. कोणाकडे त्याखालीं मोटार उभी राहते, कोणाकडे कपडे धुण्याचें यंत्र असतें, तर कोणाकडे आजोबांच्या पुस्तकांच्या पेट्या आणि वर्षाचें धान्य. मुख्य घर बांधतांना नकाशा होतो, अभियंत्याची सही होते, पैपैचा हिशेब होतो. हें मागील छप्पर मात्र एखाद्या उन्हाळ्याच्या सुटींत, गवंडी व लोहार यांच्या सल्ल्यानें, हां हां म्हणतां उभें राहतें. त्याच्या पन्हळीला जो नळ लागतो तो बहुधा आधींच्या कामांतून उरलेला तुकडा असतो. त्या तुकड्याविषयीं आज आम्ही लिहिणार आहों.

नाशिकहून एका वाचकांनीं याच गोष्टीसंबंधीं आम्हांस विचारिलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र, बंधु तिघे. घरामागें ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशी पन्हळी पत्र्याची पडवी त्यांनीं घातली आहे. पत्र्यावरचें पाणी पन्हळींत उतरून कोपऱ्यांतील एका नळानें खालीं जावयाचें. हा नळ किती व्यासाचा असावा? प्लंबर म्हणतो, अडीच इंची पुरे. गवंडी म्हणतो, तीन इंची घ्या. आणि थोरले बंधु म्हणतात, लावावयाचा तर चार इंचीच. वादाचा निकाल आम्हीं द्यावा अशी त्यांची इच्छा आहे. निकाल आम्ही देतोंच. पण तो कशावरून लागतो हें समजलें तर इतरांच्याही उपयोगीं पडेल, म्हणून थोडा विस्तार करितों.

प्रथम एका समजुतीचा विचार केला पाहिजे. ‘नाशकांत पाऊस तो कितीसा!’ हें वाक्य आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे, आणि एका अर्थीं तें खरेंच आहे. नाशिक शहरांत वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे २८ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून ४५ किलोमीटरांच्या सुमारास, घाटमाथ्यावर, इगतपुरी आहे. तेथें हाच आंकडा ३,००० मिलिमीटरांच्याही वर जातो. तेव्हां नाशिककराचा नळ इगतपुरीकराच्या नळाच्या चौथाईनें असला तरी चालेल, असें कोणासही वाटेल. पण हिशेब चुकतो तो येथेंच. वर्षाचा पाऊस हें टाकीचें माप आहे, नळाचें नव्हे. नळाला वर्षाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याला कर्तव्य आहे तें सर्वांत जोराच्या सरींतल्या दहा मिनिटांशीं. इगतपुरीचा आषाढांतला पाऊस दिवसचे दिवस झड धरून बसतो, आणि तेथील वर्षाची बेरीज त्या झडीनें फुगते. नाशकाचा जोराचा पाऊस पुष्कळदां वळवाच्या रूपानें मे-जूनमध्यें, किंवा परतीच्या वेळीं हस्ताच्या गडगडाटांत येतो, अर्ध्या तासांत रस्त्यांचे ओढे करतो आणि निघून जातो. ह्या सरींना द्राक्षबागाईतदार कां भितात हें नाशिककरांस आम्हीं सांगावयास नको. अशा सरींत दहा मिनिटें पावसाचा वेग तासाला १०० किंवा १५० मिलिमीटरांचा असला तर त्यांत आश्चर्य मानण्याजोगें कांहीं नाहीं. तासाला १५० म्हणजे पाऊस तासभर तसाच पडतो असा अर्थ नव्हे. मोटार पांचच मिनिटें धांवली तरी तिचा वेग ताशीं साठ मैल असूं शकतो, तसेंच हें.

नाशिककरांची पुराची जाण मोठी आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलें कीं कमरेला, यावरून गोदावरीचा पूर सांगण्याची रीत शहरांत अद्याप चालूं आहे. १९६९ सालच्या पुराच्या गोष्टी वडील माणसांच्या तोंडून अनेकांनीं ऐकल्या असतील. त्यानंतर २००८ च्या सप्टेंबरांत, २०१६ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०१९ च्या ऑगस्टांत नदीनें आपलें रूप दाखविलें. परंतु नदीचा पूर हा त्र्यंबकेश्वराकडील डोंगरांत पडलेल्या पावसाचा व गंगापूर धरणांतून सोडलेल्या पाण्याचा असतो. त्याची वार्ता आधीं येते, दुकानदारांस माल हलविण्यास वेळ मिळतो. परसांतला पूर कोणतीही सूचना देत नाहीं. पत्र्याच्या छपरावर पाणी मुरण्यास माती नाहीं, अडविण्यास बांध नाहीं. पहिला टपोरा थेंब पडल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत त्या छपरावरचें झाडून सारें पाणी पन्हळींत येऊन उभें राहतें, आणि मग एकच प्रश्न उरतो: त्याला वाट किती रुंद ठेविली आहे?

आतां आंकड्यांकडे वळूं. दशमान पद्धतीचा एक मोठा उपकार असा कीं, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. आमच्या पत्रलेखकांची पडवी ६ गुणिलें ४, म्हणजे २४ चौरस मीटरांची. तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर आली तर तासाला २,४०० लिटर, म्हणजे मिनिटाला ४० लिटर पाणी पन्हळींत येईल. वेग १५० चा असेल तर मिनिटाला ६० लिटर. ज्यांस आंकड्यांचा कंटाळा आहे त्यांनीं असें चित्र डोळ्यांपुढें आणावें कीं, पत्र्यावर बसून कोणी वीस-वीस लिटरांच्या बादल्या पन्हळींत उपडी करीत आहे, दर वीस सेकंदांस एक, आणि हा उद्योग दहा मिनिटें चालला आहे. दहा मिनिटांत ६०० लिटर होतात.

हें पाणी नेण्यास नळ किती मोठा पाहिजे याचें एक कोष्टक राष्ट्रीय इमारत संहितेंत दिलेलें आहे व आपल्याकडील अभियंते तेंच वापरतात. पावसाचा वेग तासाला १०० मिलिमीटर धरला तर ५० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे दोन इंची उभा नळ अवघें ६.६ चौरस मीटर छप्पर सांभाळतो. ६५ मिलिमीटरांचा, म्हणजे अडीच इंची, १२. ७५ चा, म्हणजे तीन इंची, २०.४, आणि १०० चा, म्हणजे चार इंची, ४२.७. वेग १५० धरला तर हेच आंकडे अनुक्रमें ४.४, ८, १३.६ आणि २८.५ असे उतरतात. छप्पर आहे २४ चौरस मीटरांचें. तेव्हां प्लंबरचा नळ १०० च्या सरीला बरोबर निम्म्या कामाचा ठरतो, गवंड्याचा थोडक्यांत हुकतो, आणि थोरल्या बंधूंचा दोन्हीं कसोट्यांस उतरतो. थोरल्यांचें म्हणणें घरांत नेहमींच बरोबर ठरतें असें नाहीं. या वेळीं मात्र हिशेब त्यांच्या बाजूस आहे.

गवंड्यासही आम्ही सर्वस्वीं दोष देणार नाहीं. इंग्लंडांत छपरासाठीं पावसाचा वेग तासाला ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच, धरण्याची रीत फार वर्षें चालत आली. त्या वेगाला तीन इंची नळ २७ चौरस मीटर सांभाळतो. म्हणजे त्याचें मत लंडनांत मान्य झालें असतें. हल्लीं घरबसल्या परदेशी चित्रफिती पाहून छप्परें उभारणारी तरुण मंडळी पुष्कळ झाली आहेत, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं त्या चित्रफितींतील सुबक, बारीक नळ तेथील रिमझिमीच्या मापानें कापलेले असतात.

कोष्टकांतील आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. तिनाचे चार इंच केले म्हणजे नळ एक-तृतीयांशानें वाढला असें आपण समजतों. पाणी वाहण्याची ताकद मात्र २०.४ वरून ४२.७ वर, म्हणजे दुपटीच्याही वर गेली. दोनाचे चार केले तर ती सहापटींहून अधिक होते. उलट बाजूनें पाहतां, एक इंच वांचविणाऱ्यानें अर्धा नळ वांचविला नसून अर्ध्याहून अधिक वाट बुजविली. एकमजली पडवीला उभा नळ लागतो तो तीन-चार मीटरांचा. त्या लांबीवर किंमतींत जो फरक पडतो तो भिंतीचा एक पोपडा निघाला तर गिलाव्याच्या एका दिवसाच्या मजुरींत जातो. बाजारांत नळ घेतांना मात्र सावध असावें. प्लॅस्टिकचे नळ बाहेरच्या व्यासानें विकले जातात. ७५ चा म्हणून मिळणारा नळ आंतून ७५ चा भरत नाहीं. ११० चा म्हणून जो मिळतो त्याच्या भिंतींची जाडी वजा जातां आंतला व्यास शंभराहून थोडा अधिक उरतो, आणि ‘चार इंची’ म्हणतात तो हाच.

परंतु पत्रलेखकांनीं एक गोष्ट लिहिलेली नाहीं, व तिच्यावर निकाल फिरूं शकतो. ही पडवी मुख्य घरापासून सुटी आहे कीं त्याला टेकलेली? आणि घराच्या गच्चीचें पाणी कोठें पडतें? क्षेत्रफळ काढतांना लोक पडवीचा पत्रा मोजतात आणि थांबतात. वास्तविक पत्र्याच्या उताराची लांबी मोजण्याचें कारण नाहीं, सूर्य माथ्यावर असतां जमिनीवर जेवढी सावली पडेल तेवढीच जागा धरावी. पण त्या जागेवर वरून दुसरें जें पाणी येतें तें मात्र सोडूं नये. समजा, गच्चीचा मागील भाग ६ मीटर लांब व ३ मीटर रुंद असून त्याचें तोंड पडवीच्या पत्र्यावर सोडलें आहे. मग २४ मध्यें १८ मिळून ४२ चौरस मीटर झाले. १०० च्या सरीला चार इंची नळ कसाबसा तगेल, १५० च्या सरीला हरेल. अशा ठिकाणीं पन्हळीच्या दोन्हीं टोकांस एकेक चार इंची नळ लावावा. त्याहून उत्तम म्हणजे गच्चीचें पाणी तिच्या स्वतःच्या नळानें थेट जमिनीवर आणावें, पडवीच्या डोक्यावर घालूं नये. नुसती उंच भिंत शेजारीं असली तरी वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस तिच्यावर आपटून खालीं पत्र्यावरच उतरतो. म्हणून त्या भिंतीचें निम्में क्षेत्रफळ छपरांत मिळविण्याची वहिवाट आहे. पडवीवर ६ गुणिलें ३ मीटर भिंत उघडी असेल तर ९ चौरस मीटर वाढले, एकूण ३३. येथें एकच नळ ठेवावयाचा कीं दोन, हा ज्याच्या त्याच्या धाडसाचा प्रश्न आहे. पन्हळ भरून वाहिली तर पाणी बाहेर अंगणांत पडणार असेल तर आम्ही एकावर भागवूं. तें भिंतींत शिरणार असेल तर दोन लावूं.

एवढा हिशेब करून लावलेला नळही तुंबतो तो कां? चार इंची नळ दर मीटरास एक सेंटिमीटर उतारानें जमिनींत घातला व तो पूर्ण भरून वाहूं लागला तर सेकंदाला सुमारें ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर पाणी सहज नेतो. आपली पडवी जोराच्या सरींत ६० च देते. मग इतका मोठा नळ हवा कशाला, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतील. त्याचें उत्तर नळाच्या तोंडाशीं आहे. पन्हळींत पाणी दोन-तीन बोटें खोल असतें; त्याला मागून रेटा देणारें कांहीं नसतें. तें नळाच्या कांठावरून, हवेला बरोबर घेऊन, घोंगावत आंत पडतें. म्हणजे पोट कितीही मोठें असलें तरी घास तोंडाच्या मापानेंच जावयाचा. म्हणून पन्हळीच्या टोकाशीं लहानशी पेटी करून तिच्या तळाला नळ जोडावा, किंवा निदान नाळक्यासारखें पसरट तोंड ठेवावें. त्या तोंडावर सपाट जाळी कधींही बसवूं नये. उन्हाळाभर पत्र्यावर सांचलेला कडुनिंबाचा पाला, चिंचेचीं बारीक पानें, आंब्याचा सुकलेला मोहोर व धूळ हीं सर्व वळवाच्या पहिल्या पांच मिनिटांत एकदम खालीं येतात आणि सपाट जाळीवर झांकणासारखीं बसतात. जाळी टोपलीसारखी उभट व उंच असली म्हणजे पाला बुडाशीं अडतो आणि पाणी वरच्या भागांतून वाट काढतें. पन्हळीला दर दहा फुटांस एक इंच उतार नळाकडे असावा. आणि तिचा बाहेरचा कांठ भिंतीकडील कांठाहून अर्धा इंच खालीं असावा. हें फार थोडे कारागीर आपण होऊन करतात. कोणत्याही हिशेबाला न जुमानणारी सर केव्हां तरी येतेच, त्या दिवशीं पाणी कोणत्या बाजूनें सांडावें हें आपण आधींच ठरवून ठेविलेलें बरें.

खालच्या नळाविषयीं थोडक्यांत सांगतों. काटकोनांत वळवूं नये. दोन अर्ध्या कोनांचे बेंड जोडून वळवावा. वळणाशीं उघडतां येईल असें झांकण ठेवावें. वाटेंत नळ लहान करूं नये: वर चार इंची आणि जमिनींत तीन इंची असा प्रकार आम्हीं कित्येक ठिकाणीं पाहिला आहे.

आतां मुख्य गोष्ट. हें पाणी न्यावयाचें कोठें? नाशिकच्या परिसरांत पुष्कळ ठिकाणीं वर काळी माती व तिच्याखालीं मुरूम आणि काळा खडक असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते व सुकली म्हणजे आक्रसते. त्या फुगण्या-आक्रसण्यानें हलका पाया वर-खालीं होतो आणि भिंतींस पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगा पडतात. जुन्या वाड्यांना उंच दगडी जोतें असे, वळचणीखालीं बाहेर उतरती फरसबंदी असे, आणि पागोळ्यांचें पाणी सबंध भिंतीच्या लांबीवर पन्नास ठिकाणीं थोडें थोडें गळे. आपण पन्हळ व नळ लावून तें सर्व एका कोपऱ्यांत गोळा केलें. ज्या ठिकाणीं पूर्वीं पागोळीची एक धार पडत असे तेथें आतां दहा मिनिटांत ६०० लिटर पाणी पायाच्या मुळाशीं पडणार. पन्हळ लावून नळ पायाशींच सोडून देण्यापेक्षां पन्हळच न लावणें शहाणपणाचें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जागा असेल तर पायापासून निदान तीन मीटर दूर शोषखड्डा घ्यावा. खड्डा काळी माती ओलांडून मुरुमांत गेला पाहिजे. काळ्या मातींतच थांबला तर तो शोषखड्डा नव्हे, हौद होतो, आणि त्यांत डांस वाढतात. सव्वा मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा दगड-विटांच्या तुकड्यांनीं भरला तर त्यांच्या पोकळींत सातशें लिटरांच्या आसपास पाणी राहतें. म्हणजे वर सांगितलेली दहा मिनिटांची सर तो पोटांत घेईल व मग सावकाश जिरवील. महाराष्ट्राच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियमावलींत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पावसाचें पाणी सांठविण्याची किंवा जिरविण्याची व्यवस्था आवश्यक ठरविली आहे. लहान भूखंडवाल्यांनींही ती आपल्या पायाच्या हितासाठीं करावी. विहिरींत सोडावयाचें तर वाळू-खडीच्या गाळणींतून, आणि पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी बाहेर काढून देऊन सोडावें.

न्हाणीच्या किंवा शौचकूपाच्या नळाला हें पाणी जोडणें सर्वांत सोपें, आणि म्हणूनच तें सर्वत्र केलें जातें. मैलापाण्याचा नळ घरांतल्या वापराच्या मापानें घातलेला असतो. त्यांत गल्लींतल्या सर्व छपरांचें पाणी शिरलें म्हणजे रस्त्यावरचीं झांकणें उचललीं जातात, तें पाणी नासर्डी किंवा वाघाडीच्या वाटेनें गोदावरींत जातें, आणि ज्याचें घर सखल त्याच्या न्हाणींत तें उलटें वर येतें. गल्लींत सखल घर आपलें नसलें तरी कोणाचें तरी असतेंच.

शेजाऱ्याच्या हद्दींत धार सोडण्याविषयीं कायदा स्पष्ट आहे. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१ पासून जुन्या मुंबई इलाख्यास लागूं झाला. त्याप्रमाणें दुसऱ्याच्या जमिनीवर पाणी सोडण्याचा हक्क उघडपणें, हक्क म्हणून व अखंड वीस वर्षें उपभोगिला तर मिळतो. ज्यांच्या पागोळ्या पिढ्यान् पिढ्या शेजारच्या बोळांत पडत आल्या त्यांस तो मिळालेलाही असेल. परंतु हक्काच्या उपभोगाची रीत बदलतांना शेजाऱ्यावरचा भार वाढतां कामा नये, असेंही तोच कायदा सांगतो. आणि पन्नास बारीक धारांची एक जाड धार करून ती एका जागीं ओतणें हा भार वाढविणेंच नव्हे काय? कोर्टांत निकाल कोणत्याही बाजूनें लागो, दोन घरांतलें हळदीकुंकू मात्र त्याआधींच बंद होतें.

आमच्या वाचकांत एकत्र कुटुंबें बहुसंख्य आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट लिहितों. आज परस एक आहे, स्वयंपाक एक आहे, तेव्हां पडवीचें पाणी धाकट्याच्या खिडकीखालून गेलें काय आणि मधल्याच्या दाराशीं सांचलें काय, कोणी मोजीत बसत नाहीं. वाटणीपत्र लिहितांना विहीर, जिना, येण्याजाण्याची वाट, देवघर, सर्वांचा उल्लेख होतो. पावसाचें पाणी कोणाच्या जागेंतून जाईल याचा बहुधा होत नाहीं. वाटणीच्या वेळीं जी पाण्याची वाट उघड दिसत होती व नित्य चालूं होती ती पुढेंही चालूं राहते असें वरील कायदा मानतो. पण ती दिसत होती हें कोर्टांत शाबीत करण्याचें काम भावाभावांवर येतें. त्यापेक्षां आजच, तिघे बंधु एका ताटांत जेवीत असतां, नळ सामायिक जागेंतून घालावा, त्याची रेघ घराच्या नकाशावर ओढावी, आणि पुढें कोणी दुसरी पडवी घालील तर तिचें पाणी याच नळांत येईल कीं नाहीं हेंही तेथेंच लिहावें. चार इंची जमिनींतल्या नळाला एका पडवीचें पाणी जड नाहीं, दोन पडव्यांचेंही नाहीं. घरांतली खरी अडचण कोणत्या व्यासाची असते हें प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे.

पाणी सांठवून बागेला घालावें असें कोणाच्या मनांत असेल तर तेथें वर्षाचा आंकडा कामास येतो. २४ चौरस मीटरांवर ७०० मिलिमीटर म्हणजे १६,८०० लिटर. उडालेलें, सांडलेलें व पहिल्या सरींचें वजा जातां १३,००० च्या आसपास हातीं लागतें. मात्र हजार लिटरांची टाकी १०० च्या सरींत पंचवीस मिनिटांत भरते. टाकीला पाणी आंत येण्यास चार इंची नळ आणि जादा पाणी बाहेर जाण्यास एक इंची, असें चित्र फार दिसतें. बाहेर जाणारा नळ आंत येणाऱ्या नळाएवढाच पाहिजे. नाहींतर सव्विसाव्या मिनिटाला सर्व हिशेब पुन्हां पायाशीं येऊन पडतो.

काम झालें म्हणजे पावसाची वाट पाहूं नये. शिडी लावून पन्हळीच्या लांबच्या टोकाशीं मिनिटाला तीन बादल्या या हिशेबानें पांच-सात मिनिटें पाणी ओतावें, आणि एकानें खालीं उभें राहून तोंड, सांधे व भिंत पाहावी. घरांत मुलें असतील तर या कामास मजूर लावण्याचें कारण नाहीं. पाणी परसांत कोठें तुंबतें, शेवाळ कोठें धरतें, आजी गेल्या वर्षीं कोठें घसरल्या, हें घरांतल्या स्त्रियांस पुरुषांपेक्षां नेमकें माहीत असतें. नळाचें तोंड कोठें काढावें हें ठरवितांना त्यांस आधीं विचारावें. पन्हळ वर्षांतून दोन वेळां साफ केली पाहिजे, एकदां मृगापूर्वीं आणि एकदां हस्तापूर्वीं. पहिली सफाई होते. दुसरी राहून जाते, कारण त्या सुमारास गणपति होऊन गेलेले असतात, पक्षपंधरवडा असतो, नवरात्राची तयारी डोक्यावर असते. गणपतीची आरास उतरविण्यास शिडी बाहेर काढलेली असते. ती माळ्यावर परत ठेवण्यापूर्वीं परसाकडे एक फेरी घालून यावी.